कोरोनाचं तापमान मोजलं कुणी, आणि कशानं?

चोपडेकर_आबा (धागाकर्ता) · शनिवार, दुपारी २.१०

नमस्कार मंडळी. बाहेर ४५ अंश आहे, पंखा नुसती गरम हवा फेकतोय आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. तेवढ्यात विचारून घेतो.

नात बारावी सायन्सला आहे. तिनं मला सांगितलं की सूर्याचा आपल्याला दिसतो तो पृष्ठभाग ५,८०० केल्विनच्या आसपास आहे, आणि त्याच्या बाहेरचं विरळ आवरण, म्हणजे कोरोना, १० ते २० लाख केल्विन. बाहेर जाल तसं गरम! असं का होतं, हे मी विचारत नाही. त्याची उत्तरं यूट्यूबवर ढिगानं आहेत आणि दर माणूस वेगळं सांगतो. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. हे मोजलं कसं? थर्मामीटर कुणी लावला? आणि सौरवारा, म्हणजे सूर्यातून बाहेर पडणारा विद्युतभारित कणांचा झोत, म्हणे तिथून सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगानं निघतो. तो निघताना कुणी पाहिला?

मी जन्मभर गणित शिकवलं आहे. तेव्हा 'शास्त्रज्ञ सांगतात' एवढं उत्तर चालणार नाही.

---

भुसावळ_जंक्शन · शनिवार, दुपारी २.३२

आबा, खुर्ची टाकून बसलोय. आमच्याकडे ४६ आहे, त्यामुळे कोरोनाबद्दल आपुलकी वाटतेय.

---

वर्णरेषा · शनिवार, दुपारी ४.०५

आबा, एका प्रतिसादात हे मावायचं नाही, तुकड्या-तुकड्यांनी लिहिते. (मी अमळनेरला पदवीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. कोरोना हा माझ्या संशोधनाचा विषय नाही, पण वर्णपट आहे.)

७ ऑगस्ट १८६९ ला अमेरिकेतून खग्रास ग्रहण दिसलं. चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस या दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून कोरोनाच्या प्रकाशात एक हिरवी रेषा टिपली. ५३०.३ नॅनोमीटर. ती पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून लोकांनी सरळ नवं मूलद्रव्य कल्पिलं, 'कोरोनियम'. पुढं आवर्तसारणी भरत आली तरी या पाहुण्याला बसायला जागा मिळेना. ते कोडं सत्तरेक वर्षं पडून राहिलं. १९३९ मध्ये जर्मनीच्या वाल्टर ग्रोट्रियाननं वाट दाखवली आणि १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या बेंग्ट एडलेननं सोक्षमोक्ष लावला. रेषा लोखंडाचीच होती, पण २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची.

आबा, तुमचा पहिला थर्मामीटर हाच. लोखंडाच्या अणूचे तेरा इलेक्ट्रॉन उडवायला धडकाही तशाच जोराच्या लागतात. ५,८०० केल्विनच्या वायूत ते होणं नाही. हिशेब २० लाखांच्या आसपास जातो. कोरोनात ६३७.४ नॅनोमीटरची एक लाल रेषाही दिसते. ती नऊ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची, तिला १० लाख पुरतात. कुठल्या भागात हिरवी जोरात आणि कुठं लाल, हे पाहिलं की कुठं किती गरम ते कळतं.

---

भुसावळ_जंक्शन · शनिवार, दुपारी ४.२०

म्हणजे मेघनाद साहांचं १९२० चं समीकरण. तापमान दिलं की किती अणू आयनीभूत झाले ते काढायचं. बरोबर ना ताई?

---

अणुरेणू · शनिवार, सायंकाळी ६.४८

मूळचा यावलचा, सध्या पुण्यात. पीएच.डी.ला सौर वर्णपटाच्या डेटावरच होतो, म्हणून राहवलं नाही.

भुसावळ दादा, साहांचं समीकरण ताऱ्याच्या पृष्ठभागाला लागू पडतं, कोरोनाला नाही. तिथला वायू इतका विरळ आहे की समतोल साधण्याइतक्या धडकाच होत नाहीत. इलेक्ट्रॉनची धडक अणूचा इलेक्ट्रॉन उडवते, पण परत येणारा इलेक्ट्रॉन प्रकाश टाकून बसतो, धडकेनं नाही. या दोन वेगळ्या क्रियांचा तोल मांडावा लागतो. त्याचं गणित वेगळं आहे, उत्तर मात्र लाखांतच येतं.

आता आबांसाठी एक ठिणगी टाकतो. ताईंनी सांगितलेला थर्मामीटर इलेक्ट्रॉनचं तापमान सांगतो. हायड्रोजनचं आणि ऑक्सिजनचं तेवढंच असेल, असं धरून चालता येत नाही. कोरोनाचं तापमान किती, हा प्रश्नच थोडा अपुरा आहे. कुणाचं तापमान आणि कुठल्या दिशेनं, हेही विचारावं लागतं.

---

चोपडेकर_आबा · शनिवार, सायंकाळी ७.१५

दिशेनं?? तापमानाला दिशा कधीपासून आली? सविस्तर लिहा. जेवून येतो.

---

संशयात्मा · शनिवार, रात्री ८.०२

वर्णरेषाताई, अमेरिकेतलं ग्रहण लक्षात राहिलं आणि आपल्या विजयदुर्गाचं विसरलात का? १८६८ साली लॉकियरनं विजयदुर्गावरून ग्रहण पाहून हेलियम शोधला. किल्ल्यावर साहेबाचे ओटे आजही आहेत.

---

वर्णरेषा · शनिवार, रात्री ८.४०

हे दर ग्रहणाला फिरतं. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर त्या वेळी भारतात नव्हतेच. त्यांनी ती (पुढं हेलियमची ठरलेली) पिवळी रेषा ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना पाहिली. लॉकियर विजयदुर्गावर मोठी तुकडी घेऊन आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे तीस वर्षांनी. १८९८ च्या त्याच ग्रहणाला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नेगमवाला आपली उपकरणं घेऊन जेऊरला गेले होते. त्यांचं नाव कुणी घेत नाही याचं मला जास्त वाईट वाटतं.

---

संशयात्मा · शनिवार, रात्री ८.५१

मग पाटीवर चुकीचं लिहिलंय म्हणायचं. असो.

---

धागा_संपादक · शनिवार, रात्री ९.३०

विजयदुर्गासाठी वेगळा धागा काढावा. इथं कोरोना चालू द्या.

---

अणुरेणू · शनिवार, रात्री ११.१८

आबा, जेवण झालं असेल. घ्या.

रेषा कुणाची आहे हे कळल्यावर पुढचं पाहायचं ते तिची रुंदी. वायूतले अणू सगळीकडे धावत असतात. काही आपल्याकडे येतात, त्यांचा प्रकाश जरा निळ्याकडे सरकतो. काही दूर जातात, त्यांचा तांबड्याकडे. सगळे मिळून रेषा फुगते. किती फुगली यावरून अणूंचा वेग निघतो, आणि वेगावरून तापमान. सूत्र आबांना आवडेल असं आहे: वेगाचा वर्ग = २ × बोल्ट्झमन स्थिरांक × तापमान ÷ अणूचं वस्तुमान.

ही मोजणी अतिनील का लागते? इतक्या तापलेल्या आयनांच्या (इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्या) ठसठशीत रेषा तिकडेच आहेत. हिरवी-लाल वगैरे दृश्य रेषा मुळात क्षीण. त्यात अतिनीलमध्ये एक मोठी सोय आहे. दृश्य प्रकाशात सूर्याची तबकडी कोरोनापेक्षा सुमारे १० लाख पट झगझगीत असते. अतिनीलच्या त्या टोकाला ५,८०० केल्विनची तबकडी बरीच मंद पडते, त्यामुळे कोरोनाला डोकं वर काढायला वाव मिळतो.

अडचण एकच, हा प्रकाश जमिनीवर पोचत नाही. १० ऑक्टोबर १९४६ ला अमेरिकेनं जर्मनांकडून आणलेल्या व्ही-२ रॉकेटवर वर्णपटमापक बसवून सूर्याचा अतिनील वर्णपट पहिल्यांदा टिपला, ओझोनच्या थरावर जाऊन. पुढं १९७० च्या ग्रहणात रॉकेटवरून हायड्रोजनची १२१.६ नॅनोमीटरची रेषा, म्हणजे लायमन-अल्फा, कोरोनात दूरवर चमकताना दिसली. लोक चक्रावले, कारण तिथं अखंड हायड्रोजन अणू कोटीत एखादाच उरतो. पण तेवढाही पुरतो. खालच्या वर्णावरणातून (पृष्ठभाग आणि कोरोना यांच्यामधल्या थरातून) लायमन-अल्फाचा पूर येत असतो, तो हा एखादा अणू विखुरतो.

आणि मग २ डिसेंबर १९९५ ला 'सोहो' यान गेलं. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेनं १५ लाख किमीवरच्या एल-१ बिंदूजवळून ते अखंड सूर्याकडे पाहतं. त्यावर 'यूव्हीसीएस' नावाचं उपकरण होतं, हार्वर्ड-स्मिथसोनियनच्या जॉन कोल यांच्या नेतृत्वाखालचं. काम एकच: तबकडी झाकून सूर्याच्या केंद्रापासून दीड ते दहा सौरत्रिज्यांमधल्या कोरोनाचा अतिनील वर्णपट घ्यायचा. सौरवारा वेग घेतो तो नेमका याच पट्ट्यात.

त्यांनी ऑक्सिजनची (पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या) १०३.२ नॅनोमीटरची रेषा ध्रुवावरच्या कोरोनल होलमध्ये (कोरोनाच्या विरळ, काळपट दिसणाऱ्या भागात) पाहिली. आकडा उद्या सांगतो. तोवर आबांनी १० लाख केल्विनला हायड्रोजन आणि ऑक्सिजन किती वेगानं धावतील ते काढून ठेवावं.

---

साक्रीकर_भो · रविवार, सकाळी ७.२५

बठ्ठं वाचं, थोडं डोकावरतून गयं. पन एक सांगा जिभाऊ, आमना साक्रीकडे ब्राह्मणवेलले डोंगरवर पवनचक्क्याच पवनचक्क्या शेतस. हाऊ सौरवारा तसाच का? ह्यावर लाईट व्हई का? 😀

---

वर्णरेषा · रविवार, सकाळी ९.००

नाही हो भो, त्यावर पातं हलायचं नाही. पृथ्वीपाशी सौरवाऱ्यात घनसेंटिमीटरला साधारण पाचेक प्रोटॉन असतात. वेग सेकंदाला ४०० किमी धरला तरी चौरस मीटरवर येणारी ऊर्जा एक मिलीवॉटही भरत नाही. उन्हाची भरते सुमारे १,३६१ वॉट, वातावरणाबाहेर. साक्रीच्या शिवाजीनगरला सोलर प्लांट आहे तो बराय.

---

केळीबाग · रविवार, सकाळी ९.४४

रावेरहून. याच अनुषंगानं विचारतो. मे २०२४ मध्ये मोठं सौरवादळ आलं होतं, लडाखला आकाश लाल दिसलं. आमच्या गावच्या ग्रुपवर तेव्हा फिरत होतं की त्या वादळामुळंच ऊन वाढलं आणि केळीचे घड करपले. खरं का?

---

वर्णरेषा · रविवार, सकाळी १०.१०

खोटं. वरचा मिलीवॉटचा हिशेब पाहा. वादळात तो कित्येक पटींनी वाढला तरी उन्हापुढं काहीच नाही. रावेर-जळगावचं ऊन हे समुद्रापासून लांब, सातपुडा आणि अजिंठ्याच्या रांगांमधलं तापीचं खोरं आणि वायव्येकडून येणारी कोरडी हवा यांचं आहे. लडाखची लाली मात्र खरी, हानलेहून फोटो आले होते. आणि ज्या अतिनील प्रकाशाबद्दल आपण बोलतोय तो केळीच्या पानापर्यंत येतच नाही. लायमन-अल्फा सत्तर-ऐंशी किमी उंचीवरच संपतो, १०३ नॅनोमीटरवाला त्याच्याही वर.

---

चोपडेकर_आबा · रविवार, सकाळी ११.३०

गणित केलं. १० लाख केल्विनला हायड्रोजन सेकंदाला १२८ किमी. ऑक्सिजन १६ पट जड, म्हणजे वेग चौथाई, ३२ किमी. तापमान सारखं असेल तर ऑक्सिजनची रेषा वेगाच्या मापात हायड्रोजनच्या चौथाई रुंद दिसली पाहिजे. आता आकडा सांगा.

---

अणुरेणू · रविवार, दुपारी १२.२०

आबा, पैकीच्या पैकी गुण.

हायड्रोजन दोनशेच्या थोडा वर. म्हणजे २५-३० लाख केल्विन. ठीक, पचतं.

ऑक्सिजन ३२ नाही, ५० नाही. दोन-तीन सौरत्रिज्यांवर चारशे-पाचशे किमी. तुमच्याच सूत्रात घाला.

---

चोपडेकर_आबा · रविवार, दुपारी १२.४१

४०० घालून १५ कोटी येतात. ५०० घालून २४ कोटी. कोटी! सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी आहेत ना?

---

अणुरेणू · रविवार, दुपारी १२.४४

हो. गाभ्याच्या दहापट आणि वर.

---

भुसावळ_जंक्शन · रविवार, दुपारी १.१५

थांबा थांबा. इथं माझ्यातला इंजिनिअर जागा झालाय. रेषा रुंद म्हणजे गरमच, हे कशावरून? समजा वायू गार आहे, पण अख्खाच्या अख्खा इकडून तिकडं हेलकावे खातोय. लाटा म्हणा, खळबळ म्हणा. तरी रेषा फुगेलच. तुमचे २४ कोटी हे तापमान नसून नुसती घुसळण असेल.

---

अणुरेणू · रविवार, दुपारी २.०५

हाच आक्षेप १९९७ च्या सुमाराला सगळ्यांनी घेतला, आणि तो रास्त होता. उत्तर आबांच्या गणितातच आहे.

वायू नुसता घुसळत असेल तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोघेही त्याच वाऱ्यावर हेलकावतील. दोघांचा वेग सारखा येईल, तापमानाचं गुणोत्तर १६. नुसती उष्णता असेल तर तापमान सारखं, गुणोत्तर १. घुसळण आणि उष्णतेचं कसलंही मिश्रण करा, उत्तर १ आणि १६ च्या मध्ये कुठंतरी पडेल. मोजलेलं गुणोत्तर १६ च्या बरंच वर आहे. ऑक्सिजन हायड्रोजनपेक्षा जोरात धावतोय. दोघांना सारखी हलवणारी कुठलीही घुसळण हे करू शकत नाही. काहीतरी आहे जे ऑक्सिजनला वेचून ऊर्जा देतंय.

(इलेक्ट्रॉनना मात्र यातलं फार काही मिळत नाही. ते १० लाखांच्या आसपासच. म्हणून म्हटलं, कुणाचं तापमान.)

---

भुसावळ_जंक्शन · रविवार, दुपारी २.२२

मान्य. हे १ ते १६ प्रकरण झकास आहे. आता ती दिशा.

---

शहाद्याची_माती · रविवार, दुपारी ३.००

वाचतोय. मध्येच एक अवांतर. २२ जुलै २००९ चं खग्रास आमच्या शहादा-तळोद्यावरून गेलं. सकाळी सव्वासहा-साडेसहाची वेळ, सूर्य नुकता उगवलेला आणि आषाढाचे ढग गच्च. सगळं गाव चौकात. अंधार पडला, पाखरं गप्प झाली, कुत्री भुंकली, परत उजाडलं. कोरोना काय, सूर्यसुद्धा दिसला नाही. मास्तरांनी वाटलेले काळे चष्मे खिशातच राहिले. तेव्हापासून ढगांच्या वर जाणाऱ्या यानांबद्दल मला आदर आहे.

---

वर्णरेषा · रविवार, दुपारी ३.२५

😄 २ ऑगस्ट २०२७ ला पुन्हा ग्रहण आहे. लक्सरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास, आपल्याकडे मावळतीच्या सुमाराला खंडग्रास. आणि पुन्हा पावसाळा.

---

अणुरेणू · रविवार, रात्री १०.०५

दिशा आणि वारा एकत्रच घेतो, कारण दोन्ही एकाच युक्तीतून निघतात. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात देखणी युक्ती ही आहे. 'डॉप्लर डिमिंग', म्हणजे वेगामुळं येणारं मंदपण.

अडचण अशी, की सूर्याच्या कडेबाहेरचा वारा आपल्याकडे येत नाही, आडवा बाहेर जातो. आडव्या वेगानं रेषा सरकत नाही. मग वेग कसा कळणार?

कोरोनातला ऑक्सिजन दोन तऱ्हांनी चमकतो. एक, इलेक्ट्रॉनची धडक बसून. दोन, खालून आलेला त्याच रेषेचा प्रकाश विखरून. या दुसऱ्या तऱ्हेला अट आहे: येणारा प्रकाश नेमका त्याच तरंगलांबीचा हवा. आता तो आयन सूर्यापासून बाहेर पळत असेल, तर मागून येणारा प्रकाश त्याला तांबड्याकडे सरकलेला भासतो. रेडिओचा काटा आकाशवाणी जळगाववरून केसभर सरकला की स्टेशन विरतं, तसा तो प्रकाश त्याच्या पट्टीतून निसटतो. विखुरणं घटतं. वारा जितका वेगवान, तितकी रेषा मंद.

पण नुसती मंद रेषा फसवू शकते, वायूच कमी असेल तर? म्हणून जोडी पाहायची. ऑक्सिजनच्या या आयनाच्या दोन रेषा शेजारी-शेजारी आहेत, १०३.२ आणि १०३.८. नुसत्या धडकेनं चमकल्या तर तेजाचं गुणोत्तर २, नुसत्या विखुरण्यानं चमकल्या तर ४. वारा वाढू लागला की विखुरणं गळतं आणि गुणोत्तर ४ कडून २ कडे घसरतं. वायू किती आहे याचा इथं संबंधच उरत नाही, भागाकारात तो जातो.

आणि पुढं गंमत. गुणोत्तर २ च्याही खाली जातं! कारण वर्णावरणातून कार्बनची १०३.७ ची रेषा येते. वारा सेकंदाला १७० किमीच्या आसपास पोचला की ती सरकून बरोबर ऑक्सिजनच्या १०३.८ वर बसते आणि तिला पुन्हा चमकवते. कार्बनची आणखी एक रेषा आहे, ती ३७० च्या सुमाराला बसते. म्हणजे सूर्यानं जाणाऱ्या वाऱ्याचा वेग कळावा म्हणून दोन खुणाच गाडून ठेवल्या आहेत. यूव्हीसीएसला ध्रुवांवर गुणोत्तर २ च्या खाली गेलेलं दिसलं. आबा, सौरवारा निघताना पाहिला तो असा, सूर्यापासून दोन-तीन त्रिज्यांवरच शेकडो किमीचा वेग घेताना. त्यातही ऑक्सिजन हायड्रोजनच्या पुढं.

दिशेचं असं. रेषेची रुंदी आपल्याला नजरेच्या दिशेनं कळते, म्हणजे ध्रुवावरच्या चुंबकीय रेषांना आडवी. ती १० कोटींच्या वर. पण आयन चुंबकीय रेषेच्या दिशेनंही तितकेच सैरावैरा धावत असते, तर वरचं मंदपण इतकं नीट दिसलंच नसतं, पट्टी रुंद होऊन काटा कुठंही ठेवला तरी स्टेशन लागलं असतं. म्हणजे चुंबकीय रेषेच्या दिशेनं ऑक्सिजन त्या मानानं बराच गार, तिला आडवा भयंकर गरम.

आडवंच का तापतं? आयन चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेतो. त्या गिरकीच्याच ठेक्यात एखादी चुंबकीय लाट आली तर ती दर गिरकीला ऊर्जा देत जाते. आयन-सायक्लोट्रॉन अनुनाद. पुरावा त्या बाजूनं झुकतो. पण त्या ठेक्याच्या लाटा तिथं पुरेशा तयार कशा होतात, यावर वाद अजून चालूच आहे, आणि दुसरे मार्ग सुचवणारेही आहेत. मी स्वतः अनुनादवाला.

---

चोपडेकर_आबा · सोमवार, सकाळी ६.५०

पहाटे उठून दोनदा वाचलं. भागाकारात घनता जाते, हे वाचून जीव गार झाला. तापमानाला दिशा असते हे मात्र चहाबरोबर पचवतो आहे.

एक शंका. नासाचं पार्कर यान तर कोरोनात जाऊनच आलं. मग लांबून वर्णपट कशाला घ्यायचा?

---

वर्णरेषा · सोमवार, सकाळी ८.१५

पार्कर २४ डिसेंबर २०२४ ला पृष्ठभागापासून ६१ लाख किमीवरून गेलं. एवढ्या जवळ माणसानं काही नेलेलं नाही. पण सौरत्रिज्या ७ लाख किमीची. म्हणजे ते पावणेनऊ त्रिज्या लांब होतं. अणुरेणूंनी सांगितलेला सगळा खेळ दीड ते चार त्रिज्यांत उरकतो. तिथं कुठलंच यान टिकायचं नाही. पार्कर वाऱ्याला हात लावतं, पण मोठा झालेल्या वाऱ्याला. जन्माच्या वेळचं फक्त प्रकाशातूनच वाचता येतं.

आणि ज्यांच्या नावाचं ते यान, त्या यूजीन पार्करांचा १९५८ चा सौरवाऱ्याचा लेख दोन परीक्षकांनी नाकारण्यासारखा ठरवला होता. संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही कल्पना पटलेली नव्हती, पण गणितात चूक सापडेना म्हणून त्यांनी लेख छापला. आबा, तुमच्या जातीचा माणूस. १९६२ मध्ये मरिनर-२ ला शुक्राकडं जाताना तो वारा सतत लागत राहिला.

---

संशयात्मा · सोमवार, सकाळी ९.३०

सगळं परदेशीच चाललंय. आपलं आदित्य एल-१ आहे की वर, पुण्याच्या आयुकाचं अतिनील उपकरण घेऊन. त्याबद्दल कोण बोलणार?

---

अणुरेणू · सोमवार, सकाळी १०.४०

बोलायलाच हवं, पण ते काय करतं तेच बोलू या. आदित्य २ सप्टेंबर २०२३ ला उडालं, ६ जानेवारी २०२४ ला एल-१ भोवतीच्या कक्षेत बसलं. आयुकाचं 'सूट' २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये, अकरा फिल्टर लावून, सूर्याच्या तबकडीची चित्रं काढतं. पृष्ठभाग आणि वर्णावरणाची. तो वर्णपट नाही आणि तो कोरोनाही नाही. कोरोनाचा वर्णपट घेतं ते बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचं 'व्हीईएलसी', आणि ते दृश्य व अवरक्त रेषांत. त्यातली एक रेषा कुठली माहितीय? तीच ५३०.३ वाली हिरवी. शिवाय अहमदाबादच्या पीआरएलचं (भौतिक संशोधन प्रयोगशाळेचं) 'अ‍ॅस्पेक्स' एल-१ पाशी आलेल्या वाऱ्याचे कण थेट मोजतं.

१०३ नॅनोमीटरच्या भागात सध्या युरोपच्या सोलर ऑर्बिटरवरचं 'स्पाइस' काम करतं, आणि त्याच यानावरचं 'मेटिस' लायमन-अल्फात कोरोनाची चित्रं घेतं. पण दीड ते दहा त्रिज्यांत ऑक्सिजनची रुंदी मोजणारं यूव्हीसीएससारखं दुसरं उपकरण आज वर नाही. माझ्या मते ही मोठी उणीव आहे, आणि भारतानं पुढचं यान करताना तिचा विचार करावा. सोपं नाही. १०५ नॅनोमीटरच्या खाली लिथियम फ्लोराइडसुद्धा पारदर्शक राहत नाही. म्हणजे भिंग नाही, खिडकी नाही, फक्त आरसे आणि ग्रेटिंग (प्रकाश फाकवून वर्णपट पाडणारी बारीक रेघांची पट्टी). त्या आरशावर रंगाची, डिंकाची वाफ जरी बसली तरी अतिनील प्रकाश तिला तिथंच भाजून चिकटवतो आणि आरसा आंधळा होतो.

---

साक्रीकर_भो · सोमवार, दुपारी १.०५

आते समजनं. मस्त धागा.

---

आबांची_नात · सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार. आबांनी खातं उघडून दिलं. अणुरेणू सर, एक विचारू का? गिरकीच्या ठेक्यावर सगळं अवलंबून असेल तर तो ठेका विद्युतभार भागिले वस्तुमान यावर ठरणार. ऑक्सिजनसाठी ५/१६. मग वेगळा भागाकार असलेला दुसरा एखादा जड आयन पाहिला, तर अनुनाद खरा की खोटा हे कळायला पाहिजे ना? तसं कुणी पाहिलंय का?

---

अणुरेणू · सोमवार, रात्री १०.३०

आबा, हिला सांभाळा.

हो. यूव्हीसीएसनं मॅग्नेशियमचीही रेषा पाहिली आहे, ६२.५ नॅनोमीटरची, नऊ इलेक्ट्रॉन गमावलेल्याची. ९/२४ म्हणजे ०.३८, आणि ऑक्सिजनचा ०.३१. ठेका जितका संथ, तितकी त्या ठेक्याच्या लाटांत ऊर्जा जास्त असं धरलं, तर कुणाची रेषा वेगाच्या मापात जास्त रुंद हवी? आधी स्वतः ठरव, मग छापील निष्कर्ष शोध. सोहोचा डेटा सगळ्यांना खुला आहे, आदित्यचा इस्रोच्या 'प्रदान' पोर्टलवर नोंदणी करून मिळतो.

---

आबांची_नात · सोमवार, रात्री १०.३८

ऑक्सिजनची. पण शोधून मगच लिहिते. फाइल उघडायला पायथन लागेल ना?

---

वर्णरेषा · मंगळवार, सकाळी ७.४०

लागेल, ते शिकशील. त्याआधी सुट्टीत एक दिवस आबांना घेऊन अमळनेरला ये. आमच्या प्रयोगशाळेत ग्रेटिंग आणि सोडियमचा दिवा आहे. सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ या जोडरेषा ऑक्सिजनच्या त्या जोडीच्याच घडणीच्या आहेत, त्यांचंही गुणोत्तर विरळ वायूत २ यायला हवं. दिव्यात ते २ येणार नाही, कमी येईल. वारा तर दिव्यात नाही, मग कमी का येतं, ते लिहून आण.